बर्लिन : पाहिलेलं आणि मोजलेलं

परदेशवारीवरचा लेख म्हटला की गुळगुळीत रस्ते, मिनिटावर धावणाऱ्या गाड्या आणि शेवटी 'आपला देश असा कधी होणार?' हा प्रश्न ठरलेलाच. पण बर्लिनमध्ये काही भागांत भिंतींवर इतकी रंगरंगोटी आणि फुटपाथवर सिगारेटची इतकी थोटकं दिसली की आपला बसस्टँड आठवला. गाड्यासुद्धा उशिरा येतात, आणि जर्मन माणसं त्यावर अगदी आपल्यासारखीच कुरकुर करतात. तेव्हा तो ठरलेला लेख काही माझ्याच्यानं होणार नाही. मला सांगायचंय ते तिथल्या एका पत्त्याबद्दल.

ताई आणि भाऊजी नोकरीनिमित्त तिकडे असतात, म्हणून जूनच्या सुट्टीत जाणं झालं. माझी यादी तयार होती : ब्रांडेनबुर्ग गेट, बर्लिनची भिंत, संसद. आई मराठी शिकवते. तिनं यादीत शेवटी एक ओळ वाढवली, "इरावतीबाई कर्वे जिथं शिकल्या ती इमारत बघून ये." मी पडले कॉन्व्हेंटवाली! 'इरावती कर्वे' हे माझ्यासाठी आईच्या कपाटातल्या 'युगान्त'वरचं नाव, एवढंच. मग ते पुस्तकच सोबत घेतलं आणि विमानात जोडाक्षरांशी झुंजत वाचलं.

पहिले तीन दिवस पक्क्या टुरिस्टसारखी फिरले. पहिला धक्का स्टेशनवर बसला. मेट्रोला फाटकच नाही! तिकीट काढायचं, छोट्या मशीनमध्ये शिक्का मारायचा आणि चढायचं. अडवायला कुणी नाही. साध्या कपड्यांतला तपासनीस मध्येच येतो आणि विनातिकीट असाल तर ६० युरो घेतो. रविवारी दुकानं बंद, हा दुसरा धक्का. तिसरा म्हणजे नळाचं पाणी थेट प्यायचं. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यातून गेलेल्या मुलीला नळ उघडा राहिलेला बघवत नाही. ताईच्या घरी तो बंद करायची ड्यूटी मी आपणहून घेतली.

ब्रांडेनबुर्ग गेट १७९१ मध्ये पूर्ण झालं. जवळच संसदेची इमारत आहे, राइशटाग. तिच्या डोक्यावर नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदानं रचलेला काचेचा घुमट आहे, १९९९ सालचा. आधी नाव नोंदवलं आणि पासपोर्ट दाखवला की फुकट प्रवेश. आतल्या गोल उतारावरून आपण चालत वर जातो आणि खाली काचेतून खासदारांचं सभागृह दिसतं. म्हणजे जनता वर, खासदार खाली! मधल्या आरशांच्या शंकूवरून उजेड सभागृहात उतरतो आणि तिथली गरम हवा याच बाजूनं वर निघून जाते. मेकॅनिकलवाल्यांनी बघावं असं काम आहे. याच इमारतीच्या आतल्या भिंतींवर १९४५ मध्ये बर्लिन जिंकलेल्या रशियन सैनिकांनी कोळशानं नावं लिहिली होती. ती जर्मनांनी पुसली नाहीत, जपून ठेवली. आपणही नळदुर्गच्या किल्ल्यात नावं लिहितो, पण ती कोण कशाला जपेल?

हळूहळू लक्षात आलं की हे शहर स्वतःची लाज झाकत नाही. पश्चिम बर्लिनला वेढणारी सुमारे १५५ किलोमीटरची भिंत १३ ऑगस्ट १९६१ ला उभी राहायला लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. शहराच्या मध्यभागात ती जिथून जात होती तिथं आज रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे. गेटपासून पाच मिनिटांवर, ऐन मोक्याच्या जागेवर, मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. २००५ मध्ये खुलं झालेले काँक्रीटचे २,७११ ठोकळे. फुटपाथवर घरांसमोर तळहाताएवढे पितळी चौकोन दिसतात. या घरात कोण राहत होतं, कधी नेलं, कुठे मारलं, सगळं कोरलेलं. वाचायचं तर मान खाली घालावीच लागते.

चौथ्या दिवशी आईची ओळ आठवली. यू-३ मेट्रोनं डालेम भागात गेले. झाडीतलं शांत उपनगर. इहनेश्ट्रासे २२. आज तिथं फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. मुलं सायकली लावून आत जात होती, अगदी आपल्या कॅम्पससारखी. पण १९२७ मध्ये इथं मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि वंशसुधार यांची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली होती. संचालक होते ऑयगेन फिशर.

१९२८ मध्ये इरावतीबाई इथं आल्या. वय अवघं बावीस. पती दिनकर कर्वे यांचा आग्रह होता, पण सासरे धोंडो केशव कर्वे यांना त्यांचं जाणं पसंत नव्हतं. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे महर्षी, आणि सुनेच्या जर्मनीला नकार! शेवटी जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन त्या निघाल्या.

फिशर यांनी विषय दिला मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांचं म्हणणं असं, की ही असमानता गोऱ्या युरोपियनांत जास्त असते आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी तिचा संबंध आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. मापं घेतली, कोष्टकं मांडली आणि निष्कर्ष लिहिला : असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही.

मित्रांनो, इथं जरा थांबा. परका देश, डोक्यावर कर्ज, गाईड हाच संस्थेचा संचालक, आणि त्याला हवं असलेलं उत्तर आधीच माहीत. व्हायवाला समोर एक्स्टर्नल बसला की आपले पाय कसे लटपटतात ते आठवा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उत्तर आधी येतं आणि रीडिंग मागून चालत येतात, हे कुठल्याही हॉस्टेलला नवीन नाही. बाईंनी मात्र कवटीनं दिलं तेच रीडिंग लिहिलं आणि त्यावरच पीएच.डी. मिळवली. पुढे महाराष्ट्रात त्यांनीही वर्षानुवर्षं माणसांची मापं घेतली. त्या मोजमापाचा काळ आता गेला, पण तो प्रबंध ताठ उभा आहे.

ही संस्था मात्र नाझींच्या बाजूनं गेली. आउश्वित्झच्या छळछावणीतून योझेफ मेंगेलेनं कैद्यांचे अवयव इथं पाठवले. इमारतीवर १९८८ पासून पाटी आहे, तीत हे सगळं लिहिलंय. २०१४ मध्ये जवळच खोदकामात माणसांची हाडं सापडली. पुढच्या खोदकामांत हजारो तुकडे निघाले आणि २०२३ मध्ये त्यांचं सन्मानानं दफन झालं. हव्या त्या उत्तरासाठी विज्ञान वाकवलं तर ते कुठवर जातं, हे या एका पत्त्यावर समजतं.

पाटीसमोर उभी असताना मला आपलाच जिल्हा आठवला. आमचं गाव लोहारा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १०,००० माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण आज्जी अजून पहाटे चारला जागी होते. ती म्हणते, "भूकंपानं न्हाई गं पोरी, भितीनं मारलं मानसाला." तिची 'भित' म्हणजे भिंत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं ओझं. सिव्हिलला आल्यावर कळलं, आज्जीचं निदान पुस्तकाबरहुकूम आहे.

आणखी एक कळलं. तेव्हाच्या आयएस १८९३ च्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा. किल्लारीची जमीन मात्र १९९२ च्या ऑगस्टपासून धक्के देत होती. त्यावरून कुणी भूकंपाची तारीख सांगू शकलं नसतं, हे खरं. पण नकाशा एक म्हणत होता आणि जमीन दुसरंच. २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन १ रद्द झाला आणि हा भाग झोन ३ मध्ये गेला. जमिनीचं रीडिंग कागदावर उतरायला नऊ वर्षं लागली.

परत आल्यावर घरी एक प्रश्न वाट बघत होता. आम्ही राहतो ते घर भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं, एकमजली. दादाचं लग्न ठरलंय, म्हणून बाबांना वर मजला चढवायचाय. "मिस्त्री म्हणतो काही होत नाही. तू इंजिनिअर होणार, तू सांग," बाबा म्हणाले. त्यांना कुठलं उत्तर हवंय ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

मी टेप घेऊन भिंतींची जाडी घेतली, कोपऱ्यातल्या चिरा पेन्सिलनं खुणा करून ठेवल्या, पायाजवळ फूटभर उकरून बघितलं. आकडे वहीत लिहून कॉलेजात सरांना दाखवले. सर म्हणाले, "हे एका मजल्याचं घर आहे, त्याला एकच मजला राहू दे." मी तेच घरी सांगितलं. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. मिस्त्री हसला. आज्जी तेवढी म्हणाली, "पोरगी खरं बोलतीया."

आता मागच्या मोकळ्या जागेत वेगळी खोली बांधायचं ठरतंय, स्वतःच्या पायावर आणि बँड घालून. खर्च वाढणार, लग्न थोडं साधं होणार. बाबांचा राग अजून पुरता गेलेला नाही. खोलीची आखणी मात्र माझ्याकडून करून घ्यायची, असं त्यांनी परवा मिस्त्रीला सांगितलं.