‘तुलोउ’ म्हणत वाकणारी मुलं

बसलेल्या माणसांसमोरून जाताना सामोअन मुलं कमरेत वाकतात आणि हलकेच ‘तुलोउ’ म्हणतात. ‘मधून जातोय, माफ करा’ असा त्याचा भाव. दक्षिण ऑकलंडच्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवायला लागले, तेव्हा हा शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडला. पण प्रश्न विचारला की हीच मुलं खाली का बघतात, हे कळायला मला वर्ष लागलं. मला वाटायचं, यांचं लक्ष नाही. मोठ्यांच्या नजरेला नजर न भिडवणं हा त्यांच्या घरचा संस्कार होता. आजीसमोर मान खाली घालून वाढलेल्या मला तो आधीच ओळखता यायला हवा होता.

सामोआ, टोंगा, कुक बेटं, निउए इथली माणसं दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांत राबायला न्यूझीलंडला आली. सत्तरच्या दशकात मंदी येताच व्हिसा तपासायला पोलीस पहाटे त्यांच्या दारात उभे राहू लागले. त्या धाडींबद्दल सरकारनं औपचारिक माफी मागितली ती २०२१ साली. सत्तरच्याच दशकात, १९७१ मध्ये, ऑकलंडच्या तरुणांनी ‘पॉलिनेशियन पँथर्स’ ही संघटना उभारली. मुलांसाठी गृहपाठाची केंद्रं चालवणं हे तिच्या कामांपैकी एक. आणि १९७६ मध्ये ओटारातल्या हिलरी कॉलेजात शाळांचा सांस्कृतिक मेळावा भरला. तोच आजचा पॉलिफेस्ट. साधारण मार्चमध्ये मानुकाऊच्या मैदानावर सामोअन, टोंगन, कुक बेटं, निउए, माओरी असे वेगवेगळे मंच लागतात आणि हजारो विद्यार्थी उतरतात.

सुरुवातीला पॉलिफेस्टच्या तालमी मला अभ्यासातला अडथळा वाटायच्या. एका संध्याकाळी मी ‘सासा’चा सराव बघायला थांबले. सासा बसून करायचा नाच. पोकळ लाकडी ‘पाते’वर काठी पडते आणि शेकडो हात एकदम हलतात, नारळ फोडणं, मासे पकडणं अशी रोजची कामं त्या हातांतून दिसतात. लेझमीत एक हात चुकला तर अख्खी रांग चुकते, तसंच इथे.

त्या दिवशी साठ मुलं दहा-दहाच्या सहा रांगांत बसायची होती. चार जण आले नाहीत आणि शेवटची रांग तुटकी दिसू लागली. माझ्या वर्गात कधी हात वर न करणारी एक मुलगी उठली, क्षणभर बघून म्हणाली, ‘आठ-आठच्या सात रांगा करा.’ दोन मिनिटांत सगळे जागेवर. ती छप्पनचे अवयव पाडत होती, आणि मी तिला ‘गणितात कच्ची’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अवयवांचा धडा मी त्या रांगांपासून सुरू केला. फळ्यापाशी ती आली.

इथल्या एनसीईए परीक्षा पद्धतीत नृत्य आणि सामोअन भाषा हे दोन्ही क्रेडिट मिळवून देणारे विषय आहेत. पण विद्यापीठात जायचं तर लेव्हल ३ या शेवटच्या टप्प्याला तीन मान्यताप्राप्त विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट लागतात. इंजिनिअरिंगला जायचं तर गणित, भौतिकशास्त्राला पर्याय नाही. म्हणून आम्ही नियम केला: तालमीआधी एक तास अभ्यास, जुनी मुलं नव्यांना शिकवणार. तालमीतल्या पुढाऱ्याचं जी मुलं मुकाट ऐकतात, ती त्याच्याकडून समीकरणंही शिकतात.

पालकसभाही बदलली. टेबलापलीकडच्या दहा मिनिटांच्या भेटीला फार कोणी यायचं नाही. आता संध्याकाळी प्रार्थना होते, जेवण होतं आणि मग ‘तालानोआ’, म्हणजे घाई न करता, मन मोकळं करून बोलणं. आपली प्रगती मूल स्वतः घरच्यांना सांगतं. शिफ्ट संपवून थेट आलेले वडील, आत्या, धाकटी भावंडं सगळी ऐकतात. मुलाच्या यशात अख्खं कुटुंब धरलेलं असतं. त्याला एकट्याला वर काढू पाहणारी शाळा त्याला अर्धंच बघते.

परवाच्या बैठकीत चटयांवर बसलेल्या आज्यांसमोरून प्रगतिपुस्तकं घेऊन मी जात होते. कमरेत कधी वाकले, कळलंच नाही. तोंडून ‘तुलोउ’ निघालं. एका आजीनं हसून चटईवर थोडं सरकून मला जागा करून दिली. मी बसले, आणि तिच्या नातीनं वही उघडली.