काठीचें रबर

'म्हातारपणची काठी' म्हणून आपण मुलांचा गौरव करतों. खुद्द काठीकडे मात्र कोणी वांकून पाहत नाहीं. आमच्या एक मावशी वृद्धाश्रमांत असतात. वय वर्षें 87. दोन महिने त्या व्हरांड्यापर्यंतहि येईनात, तेव्हां 'आतां वयच झालें' असें सर्वांनीं ठरवून टाकलें. मावशींचें म्हणणें निराळें होतें : "अरे, ह्या वॉकरचाच पाय अधू झाला आहे."

आम्हीं तो उलटा करून पाहिला. चार पायांपैकीं एकाचें रबर झिजून आंतली ॲल्युमिनियमची नळी डोकावत होती. नव्या रबराच्या तळाशीं कंगोरे असतात. ते गुळगुळीत झाले कीं रबर बदलावें, नळी दिसेपर्यंत थांबूं नये. धुतलेल्या फरशीवर उघडी नळी घसरते, आणि या वयांत खुब्याचें हाड मोडलें म्हणजे पुष्कळांचें चालणें कायमचें थांबतें. मावशी आळसावल्या नव्हत्या, सावध होत्या.

मग आमची नजर चाकांच्या खुर्च्यांकडे वळली. नळ्यांची घडीची खुर्ची 1933 सालीं अमेरिकेंत हर्बर्ट एव्हरेस्ट व हॅरी जेनिंग्ज या अभियंत्यांनीं सिद्ध केली. एव्हरेस्ट खाणींतील अपघातानें पंगु झाले होते. म्हणजे बसणाऱ्याचाच हात तिला लागलेला आहे. ब्रेकची रचना अगदीं साधी : दांडी ओढली कीं लोखंडी खुंटी टायरवर दाबून बसते. पण टायरांतली हवा उतरली कीं खुंटीला दाबावयास कांहीं उरत नाहीं. ब्रेक लावलेला दिसतो, लागलेला नसतो. आणि म्हातारा हात टेकून उठूं लागला कीं खुर्ची मागें सरते.

तेथील सातांपैकीं तीन खुर्च्यांची हीच अवस्था! पाठीवर मात्र 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' हीं अक्षरें ठळक. दान झालें, फोटो निघाला; पुढें हवा कोणीं भरावयाची? आमच्या समाजास देण्याची हौस दांडगी, राखण्याची नाहीं. (देऊळ पडूं लागेपर्यंत त्याचीं कौलें कोणी फिरवीत नाहीं, हें आमचें जुनें गाऱ्हाणें आहे.)

सुदैवानें आश्रमाचा रखवालदार पूर्वीं सायकली दुरुस्त करीत असे. आतां दर सोमवारीं तो प्रत्येक वॉकर उलटा करून रबर पाहतो, स्क्रू आवळतो, टायर अंगठ्यानें चाचपतो. मावशी व्हरांड्यांत येऊं लागल्या आहेत. पंप व दोन डझन रबरें यांचे पैसे आम्हीं दिले. पावतीवर कोणाच्या स्मरणार्थ लिहावें, अशी व्यवस्थापकांची पृच्छा आली आहे.