कोणाक भेटूचा?

नांदगावात सरकारी काम अडलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाक भेटूचा?’ तलाठी, सर्कल, तहसीलदार, प्रांत ही उतरंड आमच्या कणकवली तालुक्यात शाळेची पायरी न चढलेल्यालाही पाठ असते. हिब्रू शिकताना तिथली तीच उतरंड मी सध्या वहीत उतरवतो आहे. पाकीद म्हणजे कारकून, रोश इर महापौर, सार मंत्री, रोश मेमशाला पंतप्रधान, नासी राष्ट्राध्यक्ष. आणि लिहिताना मनात येतात ती कोकणातून इस्रायलला गेलेली बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी माणसं.

अलिबाग, पेण, रोह्याकडच्या गावांत त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. सिनेगॉगला ते मशीद म्हणत, आणि मशिदीचा कारभार मुकादम नि गबाई पाहत. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे 1948 नंतर जी कुटुंबं निघाली त्यांना हिब्रू परकी नव्हती. अधिकाऱ्यांचेही काही शब्द त्यांच्या कानावरचे होते. हिब्रूत न्यायाधीशाला शोफेत आणि पोलिसाला शोतेर म्हणतात. हे दोन्ही शब्द बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात शेजारी शेजारी आहेत, आणि मशिदीत ते दरवर्षी वाचले जात. पण देवापुढे म्हणायची भाषा वेगळी आणि रेशन, घर, नोकरी मागायला खिडकीशी उभं राहून बोलायची वेगळी. ही दुसरी त्यांना मुळापासून शिकावी लागली.

भाषा शिकवणारी पुस्तकं फळं, रंग, नातेवाईक यांपासून सुरू होतात. नव्या देशात उतरलेल्या माणसाला मात्र अधिकाऱ्यांची नावं आधी हवीत, असं मला मनापासून वाटतं. बेने इस्रायलांचंच पाहा.

1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं इतरांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. ज्यांनी कोकणात शतकानुशतकं शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळला, त्यांच्याच यहुदीपणावर शंका! ती माणसं गप्प बसली नाहीत. दाद रब्बींकडे मागायची, मंत्र्याकडे की थेट पंतप्रधानांकडे, हे त्यांना नेमकं ठाऊक झालं होतं. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. पंतप्रधान लेवी एश्कोल यांना लक्ष घालावं लागलं, ऑगस्टमध्ये 120 सदस्यांच्या क्नेसेतमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विषय आला आणि बेने इस्रायल सर्वार्थानं यहुदी आहेत असा ठराव झाला. रब्बींनाही फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

1971 पासून तिथे नेत्सिव तलुनोत हात्सिबुर, म्हणजे जनतेच्या तक्रारींचा आयुक्त, हे पद आहे. सरकारी कचेरीविरुद्ध कुणीही या आयुक्ताकडे तक्रार करू शकतो. नाव लांबलचक आहे, जिभेवर चटकन बसत नाही. पण वहीत ते मी सार आणि नासी यांच्याही वर लिहिलं आहे.