कणकुंबीला थांबलेली गाडी

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या अलीकडे कणकुंबी लागते. लहानपणापासून कितीतरी वेळा या गावावरून गेलो, पण कधी उतरलो नव्हतो. गेल्या कार्तिकात मात्र उतरावंच लागलं.

आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. आजी 82 वर्षांची. गुडघ्यांमुळे दोन वर्षं तिचं जाणं राहिलं होतं. "यंदा ओटी भरून येऊ या रे, पुढचं कोणी बघितलंय," असं दिवाळीपासून चाललं होतं. म्हणून आठवडाभर आधी गाडी गॅरेजला दिली. क्लच प्लेट बदलली, सर्व्हिसिंग झालं, बिल 11,400 रुपये. गॅरेजवाले काका बाबांचे स्नेही, वीस वर्षं आमची गाडी त्यांच्याकडेच. त्यामुळे बिल कोणी नीट वाचलंही नाही.

पहाटे निघालो. पिरनवाडी मागे पडलं, जांबोटीला चहा झाला. पुढे जंगलाचा रस्ता सुरू झाला आणि गाडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाजही वाढे. "रस्ता खराब आहे," म्हणून मी दुर्लक्ष केलं. ती माझी चूक. कणकुंबीजवळ तिसरा गिअर पडला तो निघेचना. जोर लावला तर नुसती करकर आणि करपल्यासारखा उग्र वास. गाडी कशीबशी कडेला घेतली. मोबाइलला रेंज नव्हती.

टेम्पो घेऊन जाणारे एक मामा थांबले. गाडीखाली वाकून त्यांनी बोट फिरवलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. "इंजिनचं न्हवं, गिअरचं तेल हाय. वास बघा की. आता चालू करू नका, न्हायतर आतलं सगळं जाईल." त्यांनीच रेंज असलेल्या जागेपर्यंत नेलं. गाडी उचलून न्यायला बेळगावहून ट्रक यायला चार तास लागणार होते.

ते चार तास आम्ही कणकुंबीत काढले. इथल्या माउलीचं देऊळ पाहिलं. मलप्रभा नदी इथेच उगम पावते, हे शाळेत पाठ केलं होतं. ते कुंड पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. हे पाणी पूर्वेला जातं, सौंदत्तीजवळच्या धरणातून पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. बाबा म्हणाले, "मग ही ओटी इथंच भरू या, देवी एकच." आजी ठाम. "ही ओटी शांतादुर्गेची. माउलीला नारळ वेगळा आण." आणला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उघडला. क्लच बदलताना तो खाली उतरवावा लागतो आणि त्यातलं तेल काढावं लागतं. परत बसवल्यावर नवं तेल भरायचं, आमच्या गाडीला साधारण दोन लिटर, आणि खालचा ड्रेन प्लग नवा वॉशर घालून घट्ट करायचा. आमचा प्लग अर्धाच आवळलेला. तेल थेंबथेंब गळत गेलं आणि कोरड्या बेअरिंग तापून गेल्या. इंजिन ऑइलचं प्रेशर गेलं तर समोर लाल दिवा लागतो. आमच्या गाडीत गिअरच्या तेलाला असा दिवाच नाही. ती शिट्टी हीच काय ती सूचना होती.

काका आधी म्हणाले, "जुनी गाडी, घाटाचा ताण." बाबा गप्प. घरी आल्यावर म्हणाले, "जाऊ दे, इतक्या वर्षांचे संबंध आहेत." त्यावर आजी म्हणाली, "संबंध आहेत म्हणूनच विचारायचं. परक्याशी भांडतात, आपल्या माणसाला विचारतात."

मग मी एकटाच गेलो. रस्त्यावरच्या तेलाचे फोटो दाखवले, बिल पुढे ठेवलं. बिलात वॉशर नव्हताच. काकांनी बिल दोनदा वाचलं, काम केलेल्या पोराला हाक मारली. त्याने मान खाली घातली. काका त्याच्यावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं." मजुरी त्यांनी घेतली नाही, सुट्या भागांचे 18,000 निम्मे-निम्मे झाले. बाबांना ते पुरेसं वाटलं. मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण गाडी तिथेच देतो.

आता क्लचचं काम झालं की मी दोन गोष्टी करतो. गिअरचं तेल किती भरलं ते विचारून बिलावर लिहून घेतो. मग गावातच पंधरा-वीस किलोमीटर फिरून रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरतो. सकाळी कागद कोरडा असेल तरच घाट.

ओटी पंधरा दिवसांनी भरली, बसने जाऊन. कणकुंबी आली तशी आजीने खिडकीतून हात जोडले आणि म्हणाली, "येताना थांबते का रे ही बस इथं?"