बारा मिनिटं कुठे गेली?

जपानमधले दिवस देवळं, बागा आणि रामेनच्या वाफेत सरले. सांगावंसं वाटतं ते परतीच्या विमानातलं. जानेवारी होता, नारिताहून मुंबईला निघालो होतो. मला विमानात सिनेमापेक्षा समोरच्या पडद्यावरचा नकाशा आवडतो. जाताना हजारापलीकडे गेलेला ताशी वेग आता सातशेवीसच्या आसपास होता. इतका कमी का, असं मी शेजारच्या मुलीला विचारलं. ती मुंबईची फ्लाइट डिस्पॅचर, म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणारी, निघाली.

“काकू, विमान हवेतून तेवढ्याच वेगानं चाललंय. हवाच उलटी धावतेय.” तिनं कागदी रुमालावर गणित मांडलं. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर, वारा १८०. जमिनीवरचं अंतर २,१६० किलोमीटर. वारा समोरून असला तर तीन तास, पाठीमागून असला तर दोन.

“पण तीन तासांत विमान २,७०० किलोमीटर हवा कापतं आणि दोन तासांत १,८००. आम्ही इंधनाचा हिशेब काढतो तो या हवेतल्या अंतरावर.”

“म्हणजे जाता-येता फिटंफाट!”

“नाही ना! वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. वाऱ्यात पाच तास.”

ती बारा मिनिटं कुठे गेली? समोरचा वारा तीन तास अडवतो, पाठचा दोनच तास ढकलतो. वेगाची देवघेव सारखी, वेळेची नाही. हे उमगलं तेव्हा मला जेवणाच्या ट्रेचंही भान राहिलं नाही.

मग तिनं जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशींचं नाव घेतलं. तातेनोच्या वेधशाळेत १९२०च्या दशकात फुगे सोडून त्यांनी जपानवरचे हे वेगवान वारे मोजले आणि १९२६ साली अहवाल छापला तो एस्पेरांतोत. जगानं वाचावा म्हणून निवडलेल्या भाषेत तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४च्या नोव्हेंबरात टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांना हेच वारे भिडले, तेव्हा वैमानिक चक्रावले. इतक्या चिकाटीनं मोजलेलं ज्ञान असं कपाटात पडून राहावं, याची मला फार हळहळ वाटली.

पूर्वेकडे जाणारी विमानं हा वारा शोधतात, पश्चिमेकडे जाणारी शक्य तिथे टाळतात. त्यासाठी लांबची वाटही परवडते, आणि हिवाळ्यात तर हा वारा अधिकच जोरात असतो, असं ती म्हणाली. आता कुणी नुसते किलोमीटर सांगितले की मी विचारते, कुठल्या दिशेनं आणि कुठल्या महिन्यात?