भांगेची जाहिरात: काही टिपणे

शंकर नगरातल्या एका पानठेल्यावर सुपारीच्या माळांशेजारी मुनक्क्याच्या पुड्या लटकतात. पुढच्या बाजूला द्राक्षांचा घोस आणि ‘आयुर्वेदिक औषधी’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटकांमध्ये भांग, आणि हिंदी-इंग्रजीत तंबी: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. ठेलेवाला पानाला चुना लावता लावता पुडी तोडून देतो. वैद्य कुठून आणायचा?

*

1985 च्या अंमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळांवर आलेले शेंडे. नुसतं पान, म्हणजे भांग, त्यातून सुटलं. म्हणून भांगेचा कारभार राज्याच्या अबकारी कायद्याकडे.

*

केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत दारू-तंबाखूसोबत इतर मादक पदार्थांच्या जाहिरातीलाही मनाई आहे. पण हीच भांग औषधाच्या परवान्यावर पुडीत शिरली की औषध होते. मग तिला 1954 चा जादुई उपचारांचा कायदा. ज्यांवर इलाजाचा दावा करायला त्यात मनाई, त्या यादीत 54 विकार: मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणासुद्धा. अपचन मात्र नाही. पुडीवर नेमकं पचनच लिहिलेलं!

*

आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी मंजुरी घ्या, असं सांगणारा औषध नियमावलीतला नियम 170 हा 2018 साली आला. जुलै 2024 मध्ये केंद्राने तो काढला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने त्या काढण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टातलं ते प्रकरणच मिटलं आणि स्थगितीही उठली.

*

मुंबई राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात मादक पदार्थाची नुसती भलामण करणंही गुन्हा होता. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेवढा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक म्हणून रद्द केला. होळीला भांगेच्या ठंडाईचे गोडवे गाणारे काका सुटले, हे बरंच झालं. पण काकांना त्यातून चार पैसे सुटत नाहीत, विकणाऱ्याला सुटतात. दोघांना एक माप कसं लावणार?

*

कॅनडाने 2018 मध्ये गांजा खुला केला, तो जाहिरातीला वेसण घालूनच. जाहिरातीत माणूस नको, प्राणी नको, नामवंतांची शिफारस नको, चैनीच्या आयुष्याचं स्वप्न नको. वेष्टनही साधंच.

*

आपल्याकडे जाहिरातीचा नियम मालावरून नाही, परवान्यावरून ठरतो. त्यामुळे विकणारा सोयीचा परवाना काढतो. घटकांत भांग असेल तर जाहिरातीला दारूचाच नियम, मग परवाना कुठल्याही खात्याचा असो. एवढा एका ओळीचा आदेश निघाला तरी पुष्कळ काम होईल.