माशा बांधण्याचा उद्योग

(तृतीय वर्ष, कला)

रिकामा माणूस माशा मारतो, असे आपल्याकडे म्हणतात. मी माशा बांधते. गेल्या सुटीत काय केलेस, या प्रश्नाला मी हे उत्तर दिले तेव्हा मैत्रिणी पोट धरधरून हसल्या, आणि आमच्या एका सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असे पाहिले की, मला वर्गातून उठून जावेसे वाटले. तेव्हा एकदाचा खुलासा करून टाकावा म्हणून हा लेख.

ही माशी म्हणजे घरात घोंघावते ती नव्हे. लोखंडी गळावर रेशीम, जर आणि पिसे बांधून तयार केलेले हे एक आमिष असते. स्कॉटलंडमधील नद्यांत सामन नावाचा मासा धरण्यासाठी ते वापरतात. आपल्या बाजारात रावसाला कोणी कोणी ‘इंडियन सामन’ म्हणतात. पण त्या दोघांचे नाते नावापुरतेच. खरा सामन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन पार ग्रीनलंडच्या पाण्यापर्यंत वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. वासावरून तो आपले पाणी ओळखतो म्हणे. माहेरची वाट अशी नाकाने ओळखणारा हा मासा मला ऐकताक्षणीच आवडला.

पण खरी गंमत पुढेच आहे. नदीत परतलेला सामन काहीही खात नाही. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो महिनोन् महिने उपाशी पोहतो. मग तो गळावरच्या माशीला तोंड का लावतो? रागाने, सवयीने, की लहानपणी याच पाण्यात खाल्लेल्या किड्यांच्या आठवणीने? शंभर वर्षांहून अधिक काळ लोक यावर वाद घालत आहेत आणि उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही. त्यामुळे सामनची माशी कोणत्याही खऱ्या किड्यासारखी दिसत नाही. भूक नसलेल्या माणसापुढे ताट वाढायचे, तर ते सजवावेच लागते!

माझा मामा १९८० नंतरच्या काळात डॉक्टर म्हणून तिकडे गेला आणि स्पे नदीकाठच्या एका लहानशा गावात कायमचा राहिला. तीस वर्षे रोज रात्री तो माशा बांधत असे. आजोळी आला की खिशातून काड्यापेटी काढून आम्हा मुलांना आतली रंगीत माशी दाखवी. पुढे त्याला कंपवात झाला. २०२४ च्या मे महिन्यात मामीचा फोन आला, “हिला सुटीत पाठव. त्याच्या टेबलावर एक माशी अर्धी पडली आहे. तो तिच्याकडे बघत बसतो.”

निघण्यापूर्वी मी सावंतवाडीजवळ आजोळी गेले. मामाला काय न्यावे हा प्रश्न होता. वाचनात आले होते की, जुन्या नामांकित माशांमध्ये डोळ्याच्या जागी जे पीस लावतात, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे असते. लाखेचा थेंब पडावा तसा चकचकीत पिवळसर ठिपका त्याच्या टोकाला असतो. मी सहज चौकशी केली, तर दुसऱ्याच दिवशी एक मुलगा मागच्या दारी येऊन म्हणाला, “ताई, मान आणून देतो. पण पैसे आधी.” खोटे कशाला बोलू? मी पाकीट आणायला आत गेले. आजोबा ओसरीवर होते. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी सगळे ऐकले होते. ते एवढेच म्हणाले, “सकाळी राईतून आरवतो ना, तोच तो. त्याची मान नेल्यावर मग आरवेल कोण?” मुलगा परत गेला. मी आईने केलेले कुळथाचे पीठ घेऊन विमानात बसले.

मामाच्या टेबलावर व्हाइसच्या जबड्यात ती माशी होती. तिचे नाव ‘जॉक स्कॉट’. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच नावाच्या एका मासेमाराने ती रचली. तिचे अंग दोन सारख्या भागांत असते. मागचा अर्धा पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या रेशमाचा, आणि मधल्या सांध्यावर शहामृगाच्या काळ्या पिसाचे कडे. मामाचा पिवळा भाग पुरा झाला होता, सांधाही बांधून झाला होता. तेथेच हात थांबला होता.

मला वाटले होते, दोन दिवसांत शिकेन. पहिला धागा मी पाचव्या वेढ्याला तोडला. दुसऱ्यांदा भीतीने सैल धरला, तर पिसे गळावर गरगर फिरली. मामा म्हणाला, “तुझी आजी गजरा कसा गुंफते, आठव.” माझ्या डोळ्यांसमोर आजीची बोटे आली. दोरा सैल राहिला तर कळ्या गळतात आणि जास्त आवळला तर देठ कापला जातो. आजी दोऱ्याकडे पाहतसुद्धा नाही. तो ताण तिच्या बोटांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळपासून मी नुसता धागा गुंडाळण्याचा सराव केला. वेढा वेढ्याशेजारी, एकावर एक नाही. प्रत्येक ताण तुटण्याच्या किंचित अलीकडे. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेवढा वेळ मी फक्त गुंडाळत आणि उलगडत होते.

मग मामाने ‘स्टोट्स टेल’ नावाची साधी काळी माशी दिली. शेपटीला सोनेरी फेजंटच्या तुऱ्याचे एक पीस, काळे अंग, त्यावर चंदेरी जरीचे पाच वेढे, आणि वर काळे रंगवलेल्या खारीच्या शेपटीचे केस. एवढेच. “बारा बांध. अकरा फेकायच्या,” तो म्हणाला. बारावी बघून त्याने भिंग बाजूला ठेवले आणि मला तीन चुका सांगितल्या. केस मुठीने घेतले आहेत, निम्मे पुरतात. रेशीम पाण्यात भिजल्यावर गडद होते, म्हणून खालचे वेढे सपाट हवेत. खाली उंचवटा असला की वर रेशीमही उंचसखल दिसते. आणि डोके मोठे झाले आहे. डोके म्हणजे गळाच्या नेढ्याजवळ शेवटी धाग्याची जी गाठ बसते ती. शिकाऊ माणूस डोक्यावरून ओळखू येतो, कारण पुढे जागा ठेवायची त्याला आठवण नसते. “सुरुवात करतानाच शेवटाची जागा सोड,” हे वाक्य मामाने इतक्या वेळा ऐकवले की, परीक्षेत निबंध लिहिताना मला आता तेच आठवते.

कंटाळा आला की तो मेगन बॉइडची गोष्ट सांगे. ही बाई उत्तरेला ब्रोराजवळच्या एका झोपडीवजा घरात राहून जन्मभर सामनच्या माशा बांधत होती. लहानपणी एका वनरक्षकाने तिला शिकवले, तेही असे की जुनी माशी पूर्ण सोडवायची आणि तेच सामान पहिल्यापेक्षा लहान गळावर पुन्हा बांधायचे. १९७१ साली तिला राणीकडून पदक जाहीर झाले, तर कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून ती समारंभाला गेलीच नाही! आणि एवढ्या माशा बांधणाऱ्या या बाईने स्वतः कधी मासेमारी केली नाही. २००१ मध्ये ती वारली. मीही मामाची एक जुनी माशी ब्लेडने सोडवली. बांधण्यापेक्षा सोडवण्याने मला जास्त शिकवले. कोणत्या वेढ्याने कोणते पीस धरले आहे, ते उलट्या क्रमाने दिसत गेले.

पण एक गोष्ट माझ्या हातून वाईट झाली. पंखांचे काम चालू होते. टर्की, बस्टर्ड, रंगवलेला हंस अशा निरनिराळ्या पिसांचे दोन-दोन, तीन-तीन तंतू काढून ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि बोटांनी कुरवाळायचे. प्रत्येक तंतूला बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकतात आणि परक्या पक्ष्यांचे मिळून एकच रंगीत पीस होते. अट एवढीच की, डाव्या बाजूचे तंतू डाव्यांशीच जमतात, उजवे उजव्यांशी. मी घोटाळले. मामाने “थांब, दाखवतो,” म्हणून माझ्या हातातून पट्टी घेतली. त्याची बोटे थरथरली, तंतू विस्कटले. मी चटकन म्हणाले, “राहू दे मामा, मी करते.” तो काही बोलला नाही. उठून आत गेला. दोन दिवस तो त्या खोलीत आला नाही.

तिसऱ्या दिवशी मीच त्याच्या खुर्चीशी जाऊन बसले. माफी मागायची होती, पण तोंडून निघाले ते असे, “मामा, पट्टी बांधताना मला वळते. का वळते?” ते ढोंग नव्हते, पट्टी खरोखरच वळत होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “धागा वरून घेतेस. दोन बोटांच्या चिमटीत पट्टी धर, आत सैल फास टाक, आणि सरळ खाली ओढ. चिमूट सोडायची नाही.” मी तसे केले. पट्टी जागच्या जागी बसली. त्या दिवसापासून तो टेबलाशी बसू लागला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात माझे होते, बाकी सारे त्याचे होते.

जुलैच्या शेवटी मी जॉक स्कॉटचा काळा भाग बांधला. रेशीम, त्यावर चंदेरी बादला, काळे पीस, गळ्याशी गिनी कोंबडीचे ठिपके, मग पंख. शेवटी डोळा उरला. मामाने खणातून एक पाकीट काढले. त्यात रानकोंबड्याची पिसे होती. मी दचकले. “इकडे पाळलेल्या पक्ष्यांची आहेत, दुकानातली,” तो म्हणाला. मी त्याला मागच्या दारच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यावर त्याने मला इतिहास ऐकवला. हिंदुस्थान सरकारने पिसांची निर्यात १९०२ मध्येच बंद केली होती, आणि १९७२ च्या कायद्याने तर वन्य प्राण्यांना संरक्षणच मिळाले. तरी हाव सुटत नाही. २००९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली; त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जमवलेलेही पक्षी होते. कशासाठी? केल्सनने १८९५ च्या पुस्तकात दिलेल्या कृती अस्सल पिसांनी बांधता याव्यात म्हणून, आणि उरलेली पिसे विकता यावीत म्हणून. “माशाला यातलं काही कळत नाही,” मामा म्हणाला. “रंगवलेल्या कोंबडीवरही तो तसाच येतो. अस्सल पीस हवं असतं ते माणसाला.” मी काहीच बोलले नाही. पाकीट आणायला मी आत गेले होते, हे मला आठवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. मामाला दोन हातांची काठी आता पेलत नाही. त्याच्या मित्राने माशी पाण्यात टाकली. त्या काळ्याभोर, जोरकस पाण्यात ती आडवी वाहत गेली. मासा लागला नाही. लागला असता तरी सोडूनच दिला असता. तिकडे बहुतेक सगळे सोडतात, कारण सामन घटत चालले आहेत. ब्रिटनमधील सामन २०२३ च्या डिसेंबरमध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले. परतताना मामाने माशी सोडवून रुमालाने टिपली, भिंगाखाली धरली आणि सांध्यावरून नजर पुढे-मागे फिरवली. “कुठे संपतो मी, ते दिसतं,” तो म्हणाला. “पण फार नाही दिसत.”

आता माझ्या खोलीवर लहानसा व्हाइस आहे. गावठी कोंबडीची पिसे, बोकडाचे केस आणि शिंप्याकडची जर एवढ्यावर माझे काम चालते. येथून सामनची नदी हजारो मैल दूर आहे. दर रविवारी मी नवी माशी फोनच्या पडद्यासमोर धरते. मामा खुर्ची पुढे ओढतो. पडदा थोडा हलतो, कारण फोन त्याच्या हातात असतो.

“डोकं अजून मोठं आहे,” तो म्हणतो. “सोडव आणि पुन्हा बांध.”

मी ब्लेड घेते.